दोनशे दहा क्रमांकाचं अक्षर

नांदेड, शुक्रवार, २० फेब्रुवारी १९८७

सदतीस हे बेचाळीसपेक्षा कमी असतात. उदगीरला अप्पांच्या आडतीवर पोती उचलणाऱ्या मलप्पालाही हे कळतं. नांदेडच्या संगणक वर्गाच्या सरांना कळत नाही.

आज पंधरा दिवसांचा वर्ग संपला. शेवटी सरांनी पैज लावली. संगणकाच्या पोटात प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो. बत्तीसपासून एकशे सव्वीसपर्यंतचे आकडे आणि प्रत्येकाशेजारी त्याचं अक्षर, असा तक्ता सरळ रकान्यांत पडद्यावर आला पाहिजे. ज्याचा प्रोग्राम सगळ्यांत आखूड, तो पहिला. बाकीचे रकाने सरळ करायला ओळींवर ओळी लिहीत बसले. मला आठवलं की शेवटी नुसता स्वल्पविराम टाकला तर यंत्र आपोआप पुढच्या रकान्यावर उडी मारतं. झालं!

FOR I=32 TO 126:PRINT I;CHR$(I),:NEXT

सदतीस चिन्हं. पाच रकाने, एकोणीस ओळी, सगळं एका पडद्यात. असा देखणा तक्ता की मला माझीच दृष्ट लागेल असं वाटलं.

सर म्हणाले, "बाईंनी ओळीला क्रमांक दिलेला नाही. क्रमांक नाही तो प्रोग्राम नव्हे, नुसता तोंडी हुकूम झाला." आणि पहिला नंबर लातूरच्या टंचाई शाखेतल्या भुजंगरावांना. त्यांचीही युक्ती तीच, पण पुढे दहा हा क्रमांक आणि शेवटी एक जास्तीचं अक्षर. बेचाळीस चिन्हं. बक्षीस म्हणून शाईचं पेन. भुजंगराव उभे राहून सरांना काहीतरी म्हणाले, सरांनी त्यांना हातानं खाली बसवलं. आभार मानत असतील. मानू देत.

लातूरच्या एसटीत ते माझ्या पुढच्याच बाकावर होते. उतरताना पाहते तर ते पेन माझ्या पिशवीवर. हाक मारून परत दिलं. वस्तू सांभाळता येत नाहीत आणि म्हणे पहिला नंबर.

लातूर, सोमवार, २ मार्च

कचेरीत रुजू झाले. नेमणूक एकोणतीस दिवसांची. तिसावा दिवस भरला की माणूस कायम होण्याची भाषा करतं, म्हणून एक दिवस घरी बसवायचं आणि पुन्हा एकोणतीस. बी.कॉम. झालेल्या, मराठी टंकलेखनाची चाळीसची परीक्षा दिलेल्या बाईला हे असं.

जिल्हा होऊन पाच वर्षंही झाली नाहीत. अर्ध्या खोल्यांना अजून चुन्याचा वास आहे. त्यात एक खोली संगणकाची. जानेवारीत मंत्र्यांनी फीत कापली, तेव्हाचा वाळलेला हार अजून दारावर आहे. मराठी अक्षरं दाखवणारा संगणक आसपासच्या जिल्ह्यांत आपल्याकडेच, हे नळेगावकर साहेबांनी मला पहिल्या दहा मिनिटांत तीनदा सांगितलं. टंचाई शाखा आणि संगणक दोन्ही त्यांच्याकडे.

माझं काम असं. रोज तालुक्यांतून कागद येतात, कोणत्या गावाला किती टँकर. मी गावांची नावं यंत्रात भरायची. यादी शेजारच्या काचेच्या खोलीत छापली जाते, कारण छापणारं यंत्र फार किंचाळतं. त्या खोलीची किल्ली साहेबांकडे. छापलेली यादी साहेब पाहतात, सही करतात आणि ती टँकरच्या अड्ड्यावर जाते. मला छापील कागद दिसतही नाही. भुजंगराव माझ्या समोरच्या टेबलाला. आणखी काय हवं?

मल्लम्मा मावशीकडे राहते आहे. नळाला आठव्या दिवशी पाणी. मावशी म्हणते, "ह्या दुष्काळात नवकरी लागली, लई झालं. तोंड जरा गप ठेव, जगदेवी."

बुधवार, ११ मार्च

सहीची फाइल द्यायला साहेबांच्या टेबलाशी गेले होते. ते यादीच्या प्रत्येक पानाखाली आपल्या छापील नावात हिरव्या शाईनं काहीतरी कोरत होते. जीभ दातांत धरून, एखाद्या मुलीनं रांगोळी काढावी तसं. मला पाहून पान उलटं केलं. नाव सजवायची एकेकाची हौस! बाहेर लोक घागरी घेऊन उभे आणि आत हा प्रकार.

सोमवार, ६ एप्रिल

आज जेवणाच्या सुट्टीत एक बाई थेट संगणकाच्या खोलीत आली. पन्नाशीची, पायांना धूळ, खांद्यावर पदर गच्च ओढलेला. शिपाई मागून ओरडत होता. ती म्हणाली, "वाळकीची भामाबाई हाव मी. आमचं गाव ह्या डब्यात हाय म्हणत्यात. हाय का न्हाई तेवढं बघून सांग, बाई."

मी पडद्यावर पाहिलं. औसा तालुका, वाळकी, दोन खेपा. म्हटलं, "आहे की. दोन टँकर रोज."

"रोज?" ती हसली, पण ते हसणं नव्हतं. "दीड महिना झाला, एक टँकर आला न्हाई. तालुक्याला गेलं की म्हणत्यात लातूरनं पाठवलाय. डायवर म्हणतोय कागदावर तुमचं नावच न्हाई. आमच्याहून सहा कोसावर वाकी हाय, त्येंच्याकडं चार चार खेपा चालल्यात. त्येंच्या म्हशी धुवायल्यात त्या पाण्यानं."

मग तिनं हळूच सांगितलं. शनिवारी तिची सून कस्तुरा विहिरीत उतरली होती, तळाचं पाणी वाटीनं भरायला. दगड निसटला. मांडीचं हाड मोडलं. सरकारी दवाखान्यात आहे. पाच महिन्यांची गरोदर होती. होती.

मी पुन्हा एकदा पडद्याकडे बोट दाखवलं. "वाळकी आहे हो इथं."

"मला वाचता येत न्हाई, बाई," ती म्हणाली. "तू म्हणतीस तर असंल. पर पाणी न्हाई."

मंगळवार, ७ एप्रिल

सकाळी साहेबांना म्हटलं, छापलेली यादी एकदा मला पाहायची आहे. ते म्हणाले, "तुमचं काम भरायचं. छापायचं यंत्र करतं. यंत्र चुकत नाही, भरणारा चुकतो."

म्हणजे चूक माझी! संध्याकाळपर्यंत औसा तालुक्याची सगळी गावं चार वेळा तपासली. पडद्यावर एकही चूक नाही.

भुजंगराव म्हणाले, "बाई, टँकरचा एखादा डायवर भेटला तर त्याच्याकडचा कागद आणू का?" मी म्हटलं, आणा की, विचारता कशाला. प्रत्येक गोष्ट विचारून करायची, असला माणूस.

गुरुवार, ९ एप्रिल

भुजंगरावांनी कागद आणला. डिझेलचे डाग, चार घड्या. त्यावर 'वाळकी' नाही. 'वा की' आहे, मध्ये बारीकशी फट. आणि तीन ओळी खाली खरं 'वाकी'. ड्रायव्हरनं दोन्हीकडे वाकीच वाचलं. मीही वाचलं असतं, कारण या छपाईत सगळीच अक्षरं जरा सुटी सुटी येतात.

मग कागदभर शोधलं. पिंपळगावचं पिंपगाव. तळणीचं तणी. आणि खाली, सहीच्या जागी, हिरव्या शाईत हातानं काढलेला ळ. बाकी नाव छापील. न, मग हिरवा ळे, मग गावकर.

साहेबांना माहीत होतं! स्वतःच्या नावात रोज भरत होते, आणि गावांची नावं तशीच पाठवत होते.

पण खात्री हवी. ते म्हणतील, तुम्ही चुकीची कळ दाबली. तेव्हा छापणाऱ्या यंत्राकडे कोणती अक्षरं आहेत आणि कोणती नाहीत, हे त्याच्याकडूनच वदवून घ्यायला हवं. नांदेडचाच तक्ता. फक्त मराठी अक्षरं एकशे एकसष्टपासून दोनशे पन्नासपर्यंत आहेत आणि पडद्याऐवजी कागदावर काढायचा.

अडचण अशी की टँकर यादीचा प्रोग्राम सकाळी यंत्रात चढवतात आणि त्याची तबकडी साहेबांच्या कपाटात बंद होते. मी क्रमांक टाकून काही लिहिलं तर ते त्या प्रोग्राममध्ये मिसळणार आणि दिवसाची यादी बिघडणार. क्रमांकाशिवाय लिहिलं तर यंत्र तेवढा हुकूम पाळतं आणि विसरून जातं, आधीचं जसंच्या तसं राहतं. नांदेडच्या सरांनी हे ऐकायला हवं होतं!

एकोणचाळीस चिन्हं होतात. वीज गेली तर पुन्हा टंकायला लागतील, म्हणून डोळे मिटून येतील इतकी घोटली आहेत. साहेब सोमवारी अकराला बैठकीला जातात. तेवढा वेळ पुरे. पण काचेच्या खोलीची किल्ली कुठून आणू?

सोमवार, १३ एप्रिल

किल्लीचं देवानंच पाहिलं. सकाळी टेबलावर फायलीखाली ती मिळाली. भुजंगराव यादीचे कागद आणायला गेले असतील आणि विसरले असतील. त्यांच्या विसरभोळेपणाचा आज पहिल्यांदा उपयोग झाला.

सव्वाअकराला साहेब गेले. मी छापणारं यंत्र चालू केलं आणि हुकूम टंकायला बसले. अर्ध्यात वीज गेली. सगळं पुसलं, यादीचा प्रोग्रामसुद्धा. सात मिनिटांनी वीज आली. आता पुन्हा यादी चढवायला साहेबच लागणार आणि त्यांना निरोपही गेला असणार. म्हणजे हातात फार तर चार मिनिटं. टंकलं. छापणारं यंत्र असं किंचाळलं की सगळी कचेरी धावून येईल वाटलं. नेमकं तेव्हाच भुजंगरावांनी व्हरांड्यातलं सायक्लोस्टाइल यंत्र फिरवायला घेतलं, खडाखडा, खडाखडा, आणि वर शिपायाला मोठमोठ्यानं नायगावच्या बाजाराची गोष्ट सांगत बसले. माझं डोकं उठलं. या माणसाला वेळेचं म्हणून काही भान नाही. पण त्या गोंधळात माझ्याकडे कुणी पाहिलं नाही, एवढं खरं.

अठरा ओळी, पाच रकाने. दोनशे नऊ, ल. दोनशे दहा, कोरं. दोनशे अकराही कोरं, पण तिथलं अक्षर मराठीत लागतच नाही. दोनशे बारा, व.

आकडा आहे. त्याच्या शेजारी काहीच नाही. हे छापणारं यंत्र हिंदीसाठी घडवलंय. हिंदीला ळ लागत नाही, म्हणून आमचा ळ बसवलाच नाही. आमचा नळ, आमची वेळ, आमचं केळं, आमचं आभाळ, सगळ्याला भोक. आणि यासाठी हार घातले, फीत कापली!

बुधवार, १५ एप्रिल

काल सुट्टी. आज तक्ता घेऊन साहेबांसमोर उभी राहिले. दोनशे दहाभोवती तांबडं वर्तुळ काढलं होतं.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, चकित होतील. ते म्हणाले, "दार लावा." मी लावलं नाही. तेव्हा तेच उठले.

"कंपनीला डिसेंबरातच लिहिलंय. अक्षराची नवी चिप सहा महिन्यांनी येईल. तोवर बोभाटा नको."

"डिसेंबरात? म्हणजे मंत्री यायच्या आधी?"

"जगदेवीबाई, जिल्हा नवा आहे. नांदेड, उस्मानाबाद आपल्याकडं बघतात. पहिल्याच घासाला खडा लागला असं सांगत फिरायचं का?"

"खडा वाळकीच्या बाईच्या पायाला लागला, साहेब." माझा आवाज चढला होता. "यादी छापली की ळ तेवढा हातानं घाला. मी घालते. रोज बसून घालते."

"संगणकाच्या कागदाला हात लागला की तो संगणकाचा राहत नाही."

"मग तुमच्या नावातला?"

त्यांनी टेबलावरचं हिरवं पेन उचलून खिशात ठेवलं. मग अगदी हळू, जवळजवळ विनवल्यासारखं म्हणाले, "ते वरच्या कचेरीत जातं हो. चुकीच्या नावाची सही परत येते."

चुकीच्या नावाची सही परत येते. चुकीच्या नावाचं पाणी परत येत नाही. हे मला तिथं सुचलं नाही, आत्ता सुचलं. त्याचाही राग येतोय.

बुधवार, २२ एप्रिल

भामाबाई आज चार बायका घेऊन आल्या आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या खोलीबाहेर बसल्या. कुणी घोषणा दिल्या नाहीत. नुसत्या बसल्या. वरून साहेबांना विचारणा झाली आणि दुपारी तोडगा निघाला.

तोडगा असा: ज्यांच्या नावात ळ आहे अशा एकशे सतरा गावांची नावं "संगणकीय सोयीसाठी" ळ काढून ल लावून लिहायची. वाळकीचं वालकी. सर्व कचेऱ्यांनी, सर्व दप्तरांत, यापुढे.

यंत्रात अक्षर नाही, म्हणून गावांनी नावं बदलायची. हे वाचून मी हसले की काय कोण जाणे, कारण भुजंगरावांनी पाण्याचा पेला पुढे केला.

खाली जाऊन भामाबाईला सांगितलं. वाटलं होतं तिला काय त्याचं, पाणी मिळालं की झालं. ती म्हणाली, "सातबाऱ्यावर वाळकी, रेशनकार्डावर वाळकी. उद्या तलाठी म्हणंल, वालकीची बाई तू, हितं काय करायलीस? मंग मी कुणाच्या दारात बसू?"

गुरुवार, २३ एप्रिल

परिपत्रकाला जोडायची यादी करायची होती. दोन रकाने: सध्याचं नाव, नवं नाव. साहेब संगणकाकडे वळले आणि वळता वळता थांबले. सध्याचं नाव छापायचं कसं? त्यालाच तर ळ लागतो.

कोपऱ्यातलं जुनं टंकलेखन यंत्र शिपायानं पुसून माझ्यापुढे आणून ठेवलं. साहेब दुसरीकडे पाहत म्हणाले, "पाच प्रती. आज हवं."

चार कार्बन लावले. हे यंत्र लातूर जिल्हा होण्याच्याही आधीचं, उस्मानाबादहून आलेलं, त्याचा ळ झिजून जरा तिरका झाला आहे. पण आहे. अहमदपूर, औसा, उदगीर, निलंगा, लातूर, तालुक्यामागून तालुका. प्रत्येक नावाशेजारी टँकरच्या खेपाही घातल्या. तसं कुणी सांगितलं नव्हतं. एकशे सतरा नावं. बोटं दुखायला लागली तेव्हा साडेचार वाजले होते.

साहेबांनी पान उचललं. "दुसरा रकाना?"

"तो मी भरणार नाही."

"हा हुकूम आहे."

"हो. मी पाळत नाही."

भुजंगराव उठले. "साहेब, तोवर प्रती कोरड्या करतो," म्हणाले आणि चार प्रती माझ्या टेबलावरून उचलून बाहेर गेले. कार्बनच्या प्रती कधी ओल्या असतात का? मी ओरडून सांगणार होते, पण त्यांची सायकल तोवर फाटकाबाहेर गेली होती.

शुक्रवार, २४ एप्रिल

त्या प्रती काल संध्याकाळीच टँकरच्या अड्ड्यावर पोचल्या. आज सकाळी ड्रायव्हरांनी त्याच वाचून गाड्या काढल्या. वाळकीला दोन खेपा. साहेबांना दहा वाजता कळलं. यादी मागे घ्यायची तर का, हे लिहून द्यावं लागेल, म्हणून त्यांनी घेतली नाही. परिपत्रकाची फाइल कुठल्याशा शेऱ्यासाठी पुन्हा वर गेली आहे.

भुजंगरावांना म्हटलं, तुमची चूक झाली, पण बरी झाली. ते म्हणाले, "हाव." आणि उगाच फायली लावत राहिले.

बुधवार, २९ एप्रिल

एकोणतीस दिवस संपले. नवा कागद आला नाही. विचारलं, तर म्हणे आवश्यकता नाही. स्थानिक पेपरात आज आलंय: टँकर यादीतील त्रुटी नळेगावकर यांनी तातडीनं दूर केल्या. छापखान्याला मात्र ळ नीट छापता आला.

मावशी रडली. मी नाही. रागात रडू येत नाही मला.

भुजंगरावांनी निघताना उदगीरचा पत्ता लिहून घेतला. कचेरीचा काही पत्रव्यवहार राहिला असेल. नांदेडचं ते पेन त्यांनी परत पुढे केलं, म्हणाले, "हे तुमचंच होतं. तिथं उभा राहून मी सरांना तेच सांगायलो होतो." इतक्या उशिरा सांगून काय उपयोग? पण या वेळी घेतलं.

रविवार, ३ मे

उद्या उदगीरला जायचं, म्हणून आज औशाच्या गाडीनं वाळकीला गेले. गाव उन्हात पांढरं पडलंय. मी पोचले तेव्हा टँकर विहिरीत रिकामा होत होता.

कस्तुराबाई ओसरीवर बाजेवर होती. पाय प्लास्टरमध्ये. माझ्याहून लहान असेल. भामाबाईनं सांगितलं, ही ती कचेरीतली, हिनंच सोडवलं. मी थोडी सुखावले, खोटं कशाला लिहू. तिला सगळं सांगितलं, तक्ता, दोनशे दहा, साहेब, माझी गेलेली नोकरी. सांगता सांगता पुन्हा तापले.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मार्चापासनं तुम्हीच भरत व्हतात का आमचं नाव?"

"हो. रोज."

"मंग छापलेला कागद एकदाबी बघितला न्हाई?"

तिच्या आवाजात राग नव्हता. माहिती विचारावी तसं विचारलं. मी म्हणणार होते की किल्ली साहेबांकडे होती, की ते माझं काम नव्हतं. तोंडाशी आलेले शब्द ओळखीचे वाटले. ते साहेबांचेच होते.

"नाही," म्हटलं. "नाही बघितला."

तिनं मान हलवली आणि कूस बदलायचा प्रयत्न केला. मी हात दिला. तिनं धरला.

निघताना भामाबाईनं तांब्या पुढे केला. नको म्हटलं, तुम्हालाच पुरत नाही. ती तांब्या तसाच धरून उभी राहिली.

"पी," म्हणाली. "वाळकीचं हाय."

सगळा प्यायले.